पाहुणे गाडीत झोपतात

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्या गावात जन्मदाखल्यासोबतच मिळते. तिचं कारण विचाराल तर दहा माणसं अकरा कारणं सांगतील आणि अकराही छातीठोक. मी आपला या म्हणीकडं निरुपद्रवी बढाई म्हणून बघत आलो होतो. पण मागच्या हिवाळ्यात जर्मनी सदेह परभणीत आली, गल्लीत वळताना एका ओट्याची कड आणि एक तुळशीची कुंडी सोबत घेऊन आमच्या फाटकासमोर आडवी उभी राहिली, आणि तिच्यातून आमचे साडू उतरले.

जर्मनी म्हणायचं कारण असं, की चाकांवर संसार मांडायच्या खुळाचं एक मोठं माहेर तिकडंच आहे. दक्षिण जर्मनीत इस्नी नावाचं गाव आहे. तिथं आरिस्ट डेथलेफ्स नावाचा गृहस्थ होता. घरचा धंदा चाबूक आणि बर्फावर घसरायच्या काठ्या बनवायचा. माल खपवायला हा सदा फिरतीवर. त्याची फ्रीडेल चित्रकार. ती म्हणाली, एवढा फिरतोस तर मीही येते, पण मला राहायला आणि चित्रं काढायला जागा पाहिजे. 1931 साली त्यानं मोटारीच्या मागं जोडायची एक खोलीच बांधून काढली. पुढं चाबूक मागं पडले आणि खोल्या चालल्या. डेथलेफ्स हे नाव आजही तिकडच्या कॅराव्हॅनांवर दिसतं. बायकोपासून चार दिवस सुटका म्हणून फिरतीची नोकरी मागून घेणारे आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत. बायको सोबत यावी म्हणून सुतारकाम करणारा चाबूकवाला मात्र जर्मनीतच निघायचा.

साडूबुवा पुण्यातल्या एका बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणसं सहसा गुडघे, हरिपाठ किंवा सोसायटीची कमिटी यांपैकी एकात शिरतात. साडूबुवा मोबाईलमध्ये शिरले आणि तिथं त्यांना बर्फात मोटारहोम उभी करून कॉफी पिणारं एक नॉर्वेकर जोडपं भेटलं. झालं. शाळेची पोरं वाहून थकलेली एक फोर्स ट्रॅव्हलर त्यांनी विकत घेतली, तिच्यात पलंग बसवला, ओटा बसवला, नळ, सिंक, वीतभर फ्रिज, टपावर सोलरच्या प्लेटा, आणि आडोशाला संडास. महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलेलं आहे, हे ते भेटेल त्याला सांगत. बँकेतला माणूस, आपला वेडेपणा धोरणात बसतो याचा त्याला केवढा आधार.

मग पुण्याचा फ्लॅट त्यांनी अकरा महिन्यांच्या करारानं एका संगणकवाल्या जोडप्याला भाड्यानं देऊन टाकला. पूर्णवेळ गाडीत राहायचं हे तोवर तत्त्वज्ञान होतं. करारावर सही झाली आणि त्याची सक्ती झाली.

आता एवढ्या मोठ्या भारत देशात हिवाळा काढायला परभणीच का? तर त्याला युरोप जबाबदार आहे. तिकडची मोटारहोमवाली मंडळी थंडी पडली की गाड्या घेऊन स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला उतरतात. कॅनडातली म्हातारी माणसं फ्लोरिडा नाहीतर ॲरिझोना गाठतात. त्यांना तिकडं स्नोबर्ड म्हणतात. साडूबुवांनी हेच तत्त्व आपल्या नकाशाला लावलं. पुण्यात थंडी पडते, तर मराठवाड्यात जाऊ. कारण मराठवाडा म्हटलं की पुण्याच्या माणसाला ऊन, टँकर आणि मोर्चा एवढंच आठवतं. नकाशा नीट पाहिला असता तर दिसलं असतं, की पुणे साडेअठरा अक्षांशाच्या आसपास आहे आणि परभणी सव्वाएकोणीसच्या. थंडी टाळायला निघालेला हा पक्षी उत्तरेकडं उडाला होता.

आणि परभणीची थंडी हा तर आमचा घरगुती दागिना. आमच्या गावाला तापमानं दोन असतात. एक हवामान खात्याचं आणि दुसरं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. विद्यापीठाकडं मोकळी शेतं, त्यामुळं तिथला पारा गावापेक्षा थोडा खालीच, आणि गावकरी सांगताना अर्थातच खालचा आकडा सांगतात. 17 जानेवारी 2003 ला विद्यापीठात 2.8 अंशांची नोंद झाली होती. 29 डिसेंबर 2018 ला तोही विक्रम मोडून पारा 2 अंशांवर आला. त्या पहाटे आपण स्वतः थर्मामीटर धरून उभे होतो, अशा थाटात गावातला प्रत्येक जण आजही बोलतो. निफाडचा पारा आमच्या खाली गेला की आम्हाला दिवसभर जेवण गोड लागत नाही.

या थंडीत दुलईखाली झोपणं वेगळं आणि पत्र्याच्या डब्यात झोपणं वेगळं. आकाश निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली काळी माती रात्री सगळी ऊब वर आभाळाला देऊन टाकते आणि पत्रा तर मातीच्याही आधी हात वर करतो. वर आणखी गंमत अशी, की दार-खिडक्या गच्च लावून दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, ती वाफ थंड छताला लागते, तिचं पाणी होतं आणि पहाटे ते थेंबाथेंबानं खाली येतं. पहिल्या पहाटे पहिला थेंब साडूबुवांच्या नाकावर पडला. त्यांना वाटलं गाडी गळते. टपावर चढून त्यांनी कोरडं ठणठणीत आभाळ पाहिलं आणि खाली येऊन मला विचारलं, "तुमच्याकडं पाऊस आतून पडतो का?"

खिडकी फटभर उघडी ठेवली तर थेंब थांबतात, पण मग परभणी आत येते. नॉर्वेच्या जोडप्याकडं डिझेलवर चालणारा हीटर होता. साडूबुवांनी तेवढाच खर्च वाचवला होता. मराठवाड्यात हीटर नेणं त्यांना पैठणला पाण्याचा टँकर नेण्याइतकं वेडेपणाचं वाटलं होतं. दुसऱ्या रात्री ते आमच्या परसातली कोळशाची शेगडी उचलून गाडीत न्यायला लागले, तेव्हा आमची आई फाटकात आडवी झाली. बंद जागेत कोळसा पेटवून माणसं झोपेतच जातात ही बातमी तिला दर हिवाळ्यात कुणीतरी वाचून दाखवतं. "पावनं, शेगडी बाहीर ऱ्हाइल नाहीतर तुमी बाहीर ऱ्हाचाल," असं तिनं सांगितलं. अखेर दोघंही बाहेर राहिले. गल्लीतल्या लोकांनी शेगडीभोवती पाट मांडले आणि साडूबुवांच्या एकांताची दुसरी रात्र तिथंच सरली.

दुपारी मात्र त्याच पत्र्याचा तवा व्हायचा. सकाळी कानटोपी, दोन स्वेटर आणि मफलर; दुपारी दोनला बनियन आणि हातात वर्तमानपत्राचा पंखा. कपडे बदलण्यातच त्यांचा अर्धा दिवस जाई. प्रवासाला वेळच उरेना.

पण थंडी हा प्रश्न नव्हताच. खरा प्रश्न लोक होते.

आमच्याकडं पाहुणा आला की त्याला चांगली खोली देतात, नवी गोधडी काढतात आणि घरचे लोक ओसरीवर झोपतात. इथं पाहुणा, तोही साक्षात साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, घरात खोली रिकामी असताना फाटकाबाहेर गाडीत झोपतो. याचा अर्थ गल्लीनं तिच्या पद्धतीनं लावला. सकाळी दूधवाला माझ्याकडं बघून नुसताच हसला. किराणा दुकानदारानं सुटे पैसे परत देता देता हळूच विचारलं, "जमिनीवरून झालं का वो?" मी म्हणालो, कसली जमीन? तो म्हणाला, "जाऊ द्या. मोठ्या मानसानं लहान व्हावं." समोरच्या काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "बहीण हाय गं तुजी. चार दिस घरात घेतलीस तर काय भिताडं झिजतेत का?" बायको संध्याकाळपर्यंत काही बोलली नाही. संध्याकाळी गाडीपाशी जाऊन तिनं ताईंना सांगितलं, की झोपायचं तिथंच झोपा, पण दिवा मालवायच्या आधी एकदा घरात या, दहा मिनिटं दिसेल असं खिडकीत उभं राहा आणि मग मागच्या दारानं परत जा. ताई रोज तसं करायला लागल्या. एकांतासाठी घर सोडून आलेल्या माणसाला आता रोज रात्री घरी असल्याचं नाटक करावं लागत होतं.

भांडणाचा संशय फिटेपर्यंत गाडीविषयी नवे तर्क निघाले. पांढरी लांबलचक गाडी, खिडकीला पडदे, मागं शिडी. एक आजी चष्मा, जुना केसपेपर आणि नातवाला घेऊन सकाळीच येऊन बसल्या. डोळे तपासायची गाडी आलीय असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. साडूबुवांनी किती समजावलं, तरी त्या उठेनात. शेवटी त्यांनी आजींना दाराबाहेर उभं करून गाडीच्या नंबरप्लेटवरचे आकडे वाचायला लावले. आजींनी सगळे वाचले आणि आशीर्वाद देऊन गेल्या.

तरुण पोरांनी मात्र ओळखलं, की वॉर्डात नवा उमेदवार उतरलाय. "कोणाकडून तिकीट?" असं विचारायला दोन मंडळांचे अध्यक्ष येऊन गेले. हा तर्क अगदीच पोरकट म्हणता येणार नाही. निजामाच्या राज्यात आमच्यासोबत नांदलेल्या तेलंगणानं आणि त्याच्या पलीकडच्या आंध्रानं हे पाहिलेलं आहे. 1982 साली एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष काढला तेव्हा एका जुन्या शेव्हर्ले गाडीचा त्यांनी रथ करून घेतला होता. नाव चैतन्य रथम. टपावरून भाषण, गाडीतच मुक्काम, रस्त्याच्या कडेला आंघोळ आणि सारथ्याला मुलगा हरिकृष्ण. जानेवारी 1983 मध्ये ते या गाडीतून उतरून थेट मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर बसले. आपल्याकडचा एवढा यशस्वी मोटारहोमवाला दुसरा झालेला नाही. साडूबुवांना मी हे सांगितलं, तर त्यांचे डोळे क्षणभर चमकले. ताईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि ते विझले.

तर्क कोणताही असो, येणाऱ्या प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच असे. "जरा आतून बघू द्या की."

आणि दाखवायचं काम ताईंचं. हा पलंग. हा दिवसा बंद करायचा की बैठक होते. हा ओटा. हे पाणी इथून येतं आणि इथं जातं. हा फ्रिज. नाही, याच्यात कलिंगड मावत नाही. आणि हे... हे तेच. इथं बायका तोंडाला पदर लावून मागं सरकत आणि पुरुष पुढं सरकत. "आतच?" "हो." "आन् सैपाक बी आतच?" "हो." मग एक लांब शांतता पसरे आणि पाहुण्यांची चहाची इच्छा मरे. ताईंना पहिले काही दिवस हे सगळं सांगताना अभिमान वाटायचा. पुढं त्या स्टेशनवर रेल्वेच्या वेळा पुकारणाऱ्या बाईच्या आवाजात सांगायला लागल्या.

'तेच' हा विषय निघालाच आहे तर तो संपवू. मोटारहोमच्या संडासाखाली पेटी असते. ती भरली की काढायची आणि रिकामी करून आणायची. जर्मनीत त्यासाठी जागोजाग खास सोय केलेली असते. लोक गाडी लावतात, पेटी ओततात, धुतात आणि एकमेकांना सुप्रभात म्हणून निघून जातात. साडूबुवा ही पेटी हातात धरून, वर स्वच्छ टॉवेल टाकून, भल्या पहाटे एका सार्वजनिक शौचालयावर गेले. तिथला राखणदार शेकोटीजवळ बसला होता. त्यानं पेटीकडं पाहिलं, साडूबुवांकडं पाहिलं, पुन्हा पेटीकडं पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, लोकं इथं मोकळं व्हायला येतेत. तुमी घरून करून आनलाव?" त्यानं एका माणसाचे पैसे घ्यावेत की दोघांचे, यावर तिथल्या रांगेत बराच वेळ चर्चा झाली. बँकेत आयुष्य काढलेल्या साडूबुवांनी ताई धरून दोघांचे दिले आणि पावती मागितली.

या सगळ्याला वैतागून त्यांनी गाव सोडून मोकळ्या रानात मुक्काम करायचा ठरवला. मी सोबत गेलो. गंगाखेड रस्त्याला एका ढाब्यामागं चांगली जागा मिळाली. समोर ज्वारी, वर तारे. साडूबुवा खुर्ची टाकून बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे. यासाठी आलो होतो मी." तेवढ्यात गाण्याचा आवाज जवळ यायला लागला आणि दोन ट्रॉल्या जोडलेला एक ट्रॅक्टर ढाब्याच्या आवारात शिरला.

ऊसतोडीची टोळी होती. एका फडातून दुसऱ्या फडाकडं निघालेली. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या पट्ट्यातली आणि शेजारच्या बीडची गावंच्या गावं अशी रिकामी होतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात, कुणी जवळच्याच कारखान्याला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पट्टा पडेपर्यंत ऊस तोडून ती फेडायची. फडाजवळ कोपी घालायची, फड संपला की ती मोडून पुन्हा ट्रॉलीवर. त्या दोन ट्रॉल्यांत काय नव्हतं? कोपीचे बांबू आणि ताडपत्री, चुलीच्या विटा, पीठ, हंडे, बाज, बाजेवर म्हातारी, म्हातारीच्या मांडीवर लेकरू, खुराड्यात कोंबड्या, दोरीला कुत्रं, आणि हो, एक सोलरची प्लेट. ती साडूबुवांच्या प्लेटेपेक्षा मोठी होती.

पंधरा मिनिटांत तिथं चुली पेटल्या. बायकांनी गाडीला एक फेरा मारला आणि त्यांतली एक दारात उभी राहून म्हणाली, "ताई, आतून बघू द्या की."

ताईंनी निमूटपणे पलंगापासून सुरुवात केली. बाईनं सगळं पाहून घेतलं. नळ सोडून बघितला, बंद केला. मग विचारलं, "ह्यात मानसं किती ऱ्हातेत?"

"आम्ही दोघंच."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"बाकीचे वो. दीर, जावा, शेजारपाजार. एकट्यानंच निघालाव काय गाव सोडून?"

साडूबुवा पुढं होऊन म्हणाले, "आम्हाला शांतता आवडते."

बाईनं चेहरा एकदम मऊ केला आणि ताईंना हळूच विचारलं, "काऊन वो? घरात कुनी गेलंय का?"

तिकडं मुकादम साडूबुवांशी बोलायला टेकला. गाडी केवढ्याला पडली, ॲव्हरेज काय देते, टायर कुठले, सगळं विचारून झाल्यावर म्हणाला, "रोकडा दिला का?" साडूबुवा म्हणाले, नाही, थोडं कर्ज काढलं, महिन्याच्या महिन्याला हप्ता जातो. "म्हंजी उचल घेतलीया," मुकादम म्हणाला. साडूबुवांनी उचल आणि वाहनकर्ज यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली. तारण, व्याजाचा दर, परतफेडीची मुदत. मुकादमानं सगळं शांतपणे ऐकलं. "आन् हप्ता चुकला तर?" "तर बँक गाडी घेऊन जाते." मुकादमानं मान डोलावली. "आमी मानूस धरून ठेवतो. तुमचा मुकादम कडक हाय."

साडूबुवा त्या रात्री जरा गप्पच होते, म्हणून मी त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. तिकडं नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवर रेड रिव्हरचं खोरं आहे. साखरेच्या बिटाचा मोठा मुलूख. ऑक्टोबरात बीट निघतं तेव्हा ते थंडीनं खराब व्हायच्या आत गोळा करायची घाई असते आणि त्यासाठी हंगामी माणसं लागतात. ती येतात कशातून? मोटारहोममधून. निवृत्त झालेली, घरं सोडलेली, पूर्णवेळ चाकांवर राहणारी माणसं. बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात आणि हंगाम संपला की दक्षिणेला उतरतात. जेसिका ब्रूडर नावाच्या पत्रकार बाईंनी अशा लोकांवर 2017 साली 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या सिनेमाला 2021 साली ऑस्कर मिळालं. आपला ऊस, त्यांचं बीट. गाडी काढायला लावणारी साखर तीच. फरक एवढाच दिसतो, की आमची टोळी दीर, जावा, म्हातारी, कोंबड्या आणि भांडणं, सगळं ट्रॉलीत भरून नेते. अमेरिकन माणूस एकटा जातो आणि बोलायला कुणी नाही म्हणून व्हिडिओ काढतो.

"ते व्हिडिओ मी पाहिलेत," साडूबुवा म्हणाले. "पण त्यात बीट नव्हतं."

पहाटे उठलो तर टोळी निघून गेलेली. चूल होती तिथं ताईंसाठी दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून ठेवलेला. रात्रभर नाकावर पाणी पडलेल्या साडूबुवांनी तो खाल्ला आणि त्यांना प्रथमच गाडीत ऊब जाणवली.

पुढं मार्गशीर्षातली अमावस्या आली. वेळ अमावस्या हा लातूर-धाराशिवचा मोठा सण, पण आमच्या गंगाखेड-सोनपेठकडंही रानात जातात. त्या दिवशी सगळं गावच घर सोडतं. रानात कडब्याची कोप करायची, पूजा करायची आणि भज्जी, उंडे, आंबील, खीर घेऊन पंगती बसवायच्या. ओळखीचा, अनोळखी, रस्त्यानं जाणारा, कुणालाही हाक मारून जेवायला बसवतात. साडूबुवा खुशीत होते. एक दिवस तरी सगळी परभणी त्यांच्यासारखी बिऱ्हाड घेऊन रानात येणार होती. त्या खुशीत त्यांनी गाडी थेट बांधापर्यंत घातली. शेताला आदल्याच दिवशी कालव्याची पाळी बसलेली. काळ्या मातीला पाणी लागलं की ती पाहुण्याला सहजी सोडत नाही. मागची चाकं धुरीपर्यंत रुतली. ओट्यावरच्या बरण्या पलंगावर आणि पलंगावरचे साडूबुवा दारात.

ट्रॅक्टर यायला संध्याकाळ झाली. तोवर प्रत्येक कोपीतून जेवायचं बोलावणं येत होतं आणि गाडी रुतलेली असल्यामुळं नाही म्हणून निघून जायची सोय नव्हती. जेवल्यावर आगटी पेटली, हुरडा निघाला. हुरड्यासाठी कृषी विद्यापीठानं 'परभणी वसंत' नावाचं खास वाणच काढलेलं आहे. ज्या विद्यापीठानं 2 अंशांची नोंद केली त्यानंच शेकत बसायला कारणही दिलं. साडूबुवा त्या आगटीपाशी असे बसले, की ट्रॅक्टर येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला तरी उठेनात. "ओढा की," ते म्हणाले, "गाडीत कोणी नाही."

त्यानंतर ते बदलले, असं मी म्हणणार नाही. मोटारहोमवरची निष्ठा त्यांनी सोडली नाही; करारच अकरा महिन्यांचा होता. पण मुक्कामाच्या जागा मात्र ते आता माणसं बघून निवडायला लागले. फेब्रुवारी उजाडला आणि परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरला. आकाशपाळणे, मौत का कुआँ, मिठाईची दुकानं, बांगड्या, खेळणी. या जत्रेकऱ्यांचा हिवाळा सगळा ट्रकमध्येच जातो. मार्गशीर्षात लोह्याजवळच्या माळेगावला खंडोबाची यात्रा, मग ही गावं, ती गावं आणि मग परभणीचा उरूस. ट्रकखाली स्वयंपाक, ट्रकवर कपडे वाळत, केबिनमध्ये लेकरांचा अभ्यास. एका पाळणेवाल्यानं साडूबुवांची गाडी न्याहाळली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "क्या साब, घर को पहिये लगाए कि पहियों को घर लगाए?"

साडूबुवांना या प्रश्नाचं उत्तर येईना, पण माणूस आवडला. पाळणेवाल्यानं आपल्या ट्रकांच्या रांगेत त्यांना जागा करून दिली, जनरेटरवरून एक वायर ओढून दिली आणि छतावरच्या थेंबांवर उपायही सांगितला: आतून गोणपाट ठोका. ठोकलं. थेंब थांबले. नॉर्वेच्या जोडप्याला हे ठाऊक नव्हतं.

रात्री आम्ही घरचे सगळे उरुसात गेलो. पाळण्याच्या दिव्यांत ती पांढरी गाडी झळाळत होती. एका बाजूला मौत का कुआँ, दुसऱ्या बाजूला जादूचे आरसे आणि मध्ये साडूबुवा खुर्चीवर बसलेले. गाडीच्या दारासमोर रांग लागली होती. एक माणूस दोन पोरांना हाताशी धरून पुढं आला, पडदे पाहिले, शिडी पाहिली आणि ताईंना म्हणाला, "आत काय हाय वो? तिकीट कितीचं?"

साडूबुवा गैरसमज दूर करायला उठले. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"मोठ्यांना वीस, लेकरांना दहा," त्या म्हणाल्या. "आणि चपला बाहेर काढा."